अळवातला तांब्या

मामांच्या बरोबर दुकानात जायचं म्हणजे मान खाली घालून उभं राहायची तयारी ठेवायची. दुकानदारानं खिळे पुढं केले, की मामा ते तळहातावर घेऊन खालीवर करणार, त्यांचा वाससुद्धा घेणार आणि मग विचारणार, "हे नसलं तर काय चालंल?"

"अहो, आहेत की. तुमच्या हातातच आहेत."

"हायेत ते दिसतंय. पर नसलं तर?"

पिरंगुटच्या वाण्यानं एकदा वैतागून सांगितलं, "नसलं तर बाभळीचा काटा ठोका." मामा खिळे तिथंच ठेवून घरी आले आणि खरोखर बाभळीचे काटे तासत बसले. त्या काट्यांनी ठोकलेली फळी माझ्या खोलीत होती. तिच्यावर मी कधी काही जड ठेवलं नाही, तरी ती माझ्या डोक्यात पडायची ती पडलीच.

मी तेव्हा नवीनच नर्स झाले होते. पौड रस्त्याला पिरंगुटच्या पुढं एका गावात सरकारी दवाखाना निघाला होता, तिथं माझी नेमणूक झाली आणि मामांच्या घरातली रस्त्याकडची खोली मला भाड्यानं मिळाली. मामा म्हणजे काही माझे नात्यातले मामा नव्हेत. घरमालक. पण एकट्या मुलीनं घरमालकाला मालक म्हणत राहायचं ते गाव नव्हतं, पहिल्याच आठवड्यात ते मामा आणि त्यांची बायको मामी झाली. दोघी मुली लग्न होऊन गेलेल्या, घरात हे दोघं, एक म्हैस आणि मी. जमीन चांगली होती, भात पिकायचं, खाऊनपिऊन सुखी होते. म्हणजे मामांची ही बदलीची खोड गरिबीतून आलेली नव्हती. चिक्कूपणातूनही नाही, कारण पाहुण्याला दूध घालताना त्यांचा हात कधी आखडला नाही. त्यांना अस्सल वस्तूचा कंटाळा होता, एवढंच. सदऱ्याला एका गुंडीसारखी दुसरी गुंडी नाही, आणि गळ्याशी तर चक्क भोक पाडलेला चिंचोका.

हे ऐकून कुणाला वाटेल, काय डोकेबाज माणूस. कसलं डोकं नि कसलं काय. त्यांच्या बहुतेक बदल्या फसायच्या. कंदिलाच्या काचेऐवजी बरणी लावली ती तडकली. छत्रीच्या काडीऐवजी बांबूची कामटी लावली, तर पावसात छत्री उलटी होऊन तिच्यात पाणी साठलं. पण फसल्याचं दुःख म्हणून त्यांना नसायचंच. "फसलं व्हय? मग दुसरं काय तरी चालंल," असं म्हणून परत सुरू.

आणि या घरातली एकच गोष्ट अशी होती, की जिच्या बदली दुसरं काही चालत नाही, हे मला पहिल्याच पहाटे कळलं. मामींची ओवी. उजाडायच्या आत जात्याची घरघर सुरू व्हायची आणि तिच्यावर मामींचा आवाज. जाडसर, जरा फाटका, पण असा की पांघरुणातून उठूच नये. मी पुण्यात पेठेत वाढलेली, माझ्या आईनं गिरणीचंच पीठ आणलेलं. मला ते सगळं नवं होतं. मामा अंगणात म्हशीपाशी बसलेले असायचे. धार काढून झाली तरी तिथंच बसलेले. मला वाटायचं, हा माणूस उगाच वेळ काढतोय. फार उशिरा लक्षात आलं, की ते ऐकत असायचे.

मग रेडिओ आला. म्हणजे आला नाही, मामांच्या डोक्यात शिरला.

नांदे गावचा एक माणूस मिलिटरीतून परत आला होता. त्यानं बाजारात सांगितलं, की लढाईत शिपाई दाढीचं पातं आणि पेन्सिलीचं टोक घेऊन रेडिओ करायचे. त्याला वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही. धरण आमच्या तालुक्यात, विजेच्या तारा आमच्या डोक्यावरून मुंबईला जाणाऱ्या, आणि गावात मात्र रॉकेलचे कंदील. अशा गावात ही बातमी. मामा दोन दिवस नीट जेवले नाहीत.

"बाई, आस्सल रेडिओत एक खडा आसतो म्हनं. त्यो नसला तर पातं चालतं. मिलिटरीनंच सांगितलंय." जणू सरकारनंच त्यांच्या खोडीवर शिक्का मारला होता.

पातं त्यांनी माझ्याकडून नेलं, दवाखान्यातलं वापरलेलं. चुलीत तापवून निळं केलं. सेफ्टीपिनसुद्धा माझीच. तिच्या टोकाला पेन्सिलीचं शिसं बांधलं आणि ते पात्यावर हळूच टेकवायचं, असा बेत. गुंडाळीला पुठ्ठ्याच्या नळीऐवजी बांबूचं पेर. त्याच्यावर घाटात पडलेल्या एका ट्रकच्या मोडक्या डायनामोची तार. मामांनी ती वेढ्याला वेढा लावून इतकी सुबक गुंडाळली होती, की मामीसुद्धा म्हणाल्या, "येवडी माजी येनी कुनी घातली आसती तर." फक्त कानाला लावायचा फोन, त्याची बदली काही सापडेना. पत्र्याची डबी, लोहचुंबक, काय काय करून पाहिलं, डबी गप्प. शेवटी पुण्याच्या जुन्या बाजारातून पलटणीतला एक कानाचा फोन त्यांना विकत आणावा लागला. ती वस्तू ते आल्यागेल्याला दाखवायचे नाहीत. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "त्ये तेवढं इकत हाय," आणि विषय बदलायचे.

आता हवेत लांब तार हवी. एक टोक जांभळीला, दुसरं अंगणात उभ्या केलेल्या बांबूला. बांबूच्या बुडाला वजन हवं. मुळशी तालुक्यात दगड मिळेना म्हणणारा हा एकच माणूस. पण मामांचं म्हणणं, दगड नुसता नको, मधोमध भोक असलेला हवा, म्हणजे बांबू त्यात घट्ट बसतो. आणि असा दगड घरात एकच होता, जात्याची वरची तळी.

मामी माहेरी गेल्या होत्या. त्या असत्या तर हे झालं नसतं. त्या यायच्या आदल्या दिवशी वारं सुटलं, बांबू कलंडला, तळी पायरीवर आदळली आणि तिचे दोन तुकडे झाले.

मला वाटलं होतं, आता भांडण होणार. मीच मनातून घाबरून बसले होते.  पण मामींनी दोन्ही तुकड्यांना हळदकुंकू लावलं, ओढ्यावर नेले, पाण्यात सोडले आणि परत येऊन चूल पेटवली. दुसऱ्या दिवशी दळण डोक्यावर घेऊन पिरंगुटच्या गिरणीत गेल्या. झालं. घरातली ओवी थांबली.

मामांना वाटलं, काही दिवसांत विसरेल. एवढंच नव्हे, त्याच महिन्यात त्यांनी आणखी एक पराक्रम केला. रेडिओची एक तार ओल्या जमिनीत पुरावी लागते, तिच्या टोकाला तांब्याचं काही असलं तर उत्तम. मामींचा माहेरचा तांब्या होता, लग्नात आलेला. त्याला तार अडकवण्यासाठी मामांनी काठाशी खिळा ठोकला, खिळा सटकला आणि काठाला पोचा आला. मग तसाच तो मागच्या बाजूला, मोरीच्या पाण्यावर अळू वाढलं होतं तिथं चिखलात पुरला. तिथून तार खिडकीतून आत. आणि त्या संध्याकाळी रेडिओ बोलला. कुणीतरी कांद्याचे भाव सांगत होतं. भिंतीपलीकडं कुणी कुजबुजावं इतका बारीक आवाज, पण माणसाचाच. मामांचे डोळे भरून आले. कांद्याच्या भावाला रडणारा माणूस मी तेवढाच पाहिला.

"ऐक गं, ऐक," ते फोन घेऊन मामींच्या मागं चुलीकडं निघाले, तेवढी तार पुरेना, म्हणून तिथूनच हाका मारायला लागले.

"मला न्हाई ऐकायचं," मामी म्हणाल्या. भाकरी थापत होत्या, वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मी एकदा मामांना टोकलं. मी बोलून चालून तिरसट, मनात ठेवायचं जमत नाही. म्हटलं, "मामा, मामी हल्ली गात नाहीत."

"मग मला काय कान न्हाईत?" ते म्हणाले आणि म्हशीच्या अंगावरचं गोचीड काढत बसले.

त्यानंतर त्यांनी सिमेंटचं जातं केलं. आता यावर मी काय बोलू. दोन तळ्या साच्यात ओतून, मधे लोखंडी खीळ बसवून, वर लाकडी खुंटा ठोकून रीतसर जातं. मामींनी त्यावर एक पायली ज्वारी दळली. गाणं नाही, नुसतं दळलं. भाकरी पानात आली, मी तुकडा तोंडात घातला आणि दाताखाली कर्रकन वाजलं. मामांनी आपली अख्खी भाकरी खाल्ली. दुसरी मागितली नाही.

"तुम्ही नवं आणा की दगडाचं," मी म्हटलं. पण पाथरवट गावात यायचे ते दिवाळीनंतर, आणि मामी म्हणाल्या, "नगं मला जातंबितं. गिरन हाय."

अशात एक दिवस जीप आली. पुण्याच्या रेडिओवरची माणसं, शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात बायकांची ओवी द्यायची म्हणून गावोगाव ऐकत फिरत होती. शेजारच्या घरात बायका जमल्या. मामींना सगळ्यांनी ओढत नेलं. शेजारणीच्या जात्यावर बसवलं, हातात खुंटा दिला आणि मामी गायल्या. कितीतरी दिवसांनी. मी दवाखान्यातून पळत पळत गेले होते, शेवटच्या दोन ओव्या मला मिळाल्या. आणि मामा? मामा त्या वेळी जांभळीच्या शेंड्यावर तार ताणत बसलेले. जीप गेल्यावर खाली उतरले. "कोन आलं हुतं?"

रेडिओवाल्यांनी मामींना पुण्याला बोलावलं. मामींना धड झोप लागेना. त्याला कारण होतं. एकदा पौडच्या शाळेत हळदीकुंकवाला त्यांना गायला उभं केलं होतं. समोर जातं नाही, हातात काही नाही. तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. बायका आधी वाट बघत होत्या, मग हसल्या. तेव्हापासून त्या म्हणायच्या, "हातात फिरायला कायतरी लागतंय बाई, त्याबिगर गळाच सुटत न्हाई." आणि रेडिओवाले साहेब म्हणाले होते, जातं कशाला, नुसतं गायचं.

मामांनी यावर उपाय काढला. जायच्या दिवशी सिमेंटच्या जात्याची वरची तळी डोक्यावर घेऊन ते यष्टीपर्यंत मामींच्या मागं चालत आले. कंडक्टर म्हणाला, "हे काय?" मामा म्हणाले, "जातं." कंडक्टर म्हणाला, "हे जातं न्हाई आन् हे गाडीत जात न्हाई." सगळी गाडी हसली. मामींनी सोबतीला आलेल्या भावाचा हात धरला, पायरीवर चढल्या आणि वळून मामांना म्हणाल्या, "आज जमलं न्हाई तर पुन्यांदा मला कुनी गा म्हनायचं न्हाई. सांगून ठेवते." गाडी गेली. मामा तळी डोक्यावर घेऊन तसेच धुरळ्यात उभे.

मी विचारलं, "तुम्ही का नाही गेलात बरोबर?"

"मी गेलो तर हितं ऐकंल कोन?"

"पिरंगुटला रेडिओ आहे की मोठा. तिथं जाऊन ऐका. सगळं गाव चाललंय."

"लोकांच्या पडवीत बसून मी आमच्या घरातला आवाज ऐकू?" मामा म्हणाले. "तुमी बी हितंच या, बाई."

संध्याकाळी कार्यक्रमाच्या जरा आधीच आम्ही खिडकीशी बसलो. मामांनी फोन कानाला लावला, पेन्सिलीचं टोक पात्यावर टेकवलं. काही नाही. टोक सरकवलं. काही नाही. पातं पुसलं, तार हलवली, जांभळीखाली जाऊन आले. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, खिडकीतून वाकून खाली पाहिलं आणि तिथंच थिजले.

अळवात खड्डा होता. तांब्या नव्हता. मामींनी पुण्याला निघताना आपला माहेरचा तांब्या उकरून काढला होता, चिंचेनं घासला असणार, आणि बरोबर नेला होता. पाणी प्यायला म्हणून. जमिनीपर्यंत जाणारी तारही तोडून नेली होती. सकाळी त्यांचं बोचकं कसल्याशा तारेनं बांधलेलं मी पाहिलं होतं, तेव्हा लक्षात आलं नाही. खिडकीतून तारेचं वीतभर टोक लोंबत होतं.

"दुसरी तार?" मी म्हटलं.

"समदी जांभळीवर हाय." त्यांचा आवाज ऐकून मला भीती वाटली. हे नसलं तर काय चालंल, असं ते म्हणतील म्हणून मी वाट पाहिली. ते म्हणाले नाहीत. नुसते हातातल्या फोनकडं बघत राहिले. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं, आणि मला ते बघवेना.

मी चपला काढल्या, मागच्या दारानं गेले आणि अळवात उतरले. चिखल घोट्यापर्यंत. हात वर केला आणि ते तारेचं टोक मुठीत धरलं. यामागचं शास्त्र मला विचारू नका. मला एवढंच सुचलं, की तार जमिनीला पोचत नाही आणि मी पोचतेय.

"आलं," मामा आतून म्हणाले. "बाई, हलू नगा. आलं."

मी हलले नाही. मामा आतून एकेक सांगत होते. कुणीतरी साहेब खताबद्दल बोलतोय. अजून खतच. संपलं. आता बाई बोलतीया, हिचं नाव सांगितलं, गावाचं नाव सांगितलं. आणि मग मामा गप्प झाले.

"मामा?"

"कायच न्हाई. गप हाय."

"तार सुटली का?"

"न्हाई, खरखर हाय की. तीच गप हाय." खिडकीत त्यांचा चेहरा दिसत होता, पार उतरलेला. "न्हाई जमत तिला. मी तिचं जातं..."  माझ्या पायांना अळवाची खाज सुटायला लागली होती आणि मी मनातल्या मनात सगळ्या देवांना हात जोडत होते.

मग मामांनी डोळे मिटले.  म्हणाले, "घर्र... टक्. घर्र... टक्."

"काय?"

"तांब्या हाय. फरशीवर पालथा घातलाय आन् फिरवतीया. त्यो पोचा हाय न्हवं, त्यो लागतुया खाली, टक् करून." आणि लगेच, एकदम बारीक आवाजात, "गातीया."

माझ्या जिवात जीव आला. अळवात उभ्या उभ्या मला हसू आणि रडू दोन्ही आलं. मामा मात्र जागेवरून उठले. मला वाटलं होतं, तो फोन ते आज कुणाला देणार नाहीत. त्यांनी तो खिडकीतून माझ्या हातात दिला, धोतर वर खोचलं, बाहेर येऊन अळवात माझ्या शेजारी उभे राहिले आणि तार पकडली. "धरली. सोडा आता. तुमीबी ऐका."

मी फोन कानाला लावला. घर्र, टक्. घर्र, टक्. आणि मामींचा तोच फाटका आवाज, पुण्याहून, अगदी आमच्या अंगणातल्यासारखा निवांत. ही ओवी मी पूर्वी कधी ऐकली नव्हती. तिथं बसल्या बसल्याच रचलेली असणार.

झाडावर चढूनी गं, कंथ तार बांधितो,
घरातला आवाज बाई, परगावी शोधितो.

"काय म्हनती?" मामांनी विचारलं.

मी सांगितलं. शब्द न् शब्द. मामा खाली चिखलाकडं बघायला लागले. तार मात्र सोडली नाही.

"येडी हाय," ते म्हणाले. मग तार दुसऱ्या हातात घेऊन, "साऱ्या मुलखाला सांगती व्हय."

दिवाळीनंतर पाथरवट आले, तेव्हा मामा त्यांच्याकडं गेले आणि काहीही न विचारता काळ्या दगडाचं चांगलं जड जातं घेऊन आले. पाथरवटालाच चुकल्याचुकल्यासारखं झालं असेल. पहाटेची घरघर परत सुरू झाली, आणि माझी बदली होईपर्यंत मी तिच्यावरच उठले. पण ते पुढचं. मला अजून आठवते ती दुसऱ्या दिवशीची दुपार.

यष्टी आली. मामी उतरल्या, काखेत ते तारेनं बांधलेलं बोचकं. मामा पुढं झाले. दोघंही एकमेकांकडं न बघता उभे.

"म्हशीनं दूद दिलं का?"

"दिलं."

"ऐकलं का?"

"ऐकलं," मामा म्हणाले. "टक् टक् वाजत हुतं."

"वाजंल न्हाई तर काय. पोचा कुनी केलाय त्याला?"

 मी एका पायानं दुसरा पाय खाजवत उभी होते. मामींनी माझ्या पायांकडं पाहिलं. लाल चट्टे उठले होते. "काय झालं गं बाई पायाला?"

"अळवात उभी होते काल," मी म्हटलं. "तार धरून."

मामी माझ्याकडं बघत राहिल्या, मग नवऱ्याकडं. त्यांना सगळं कळलं. त्यांनी तिथंच रस्त्यावर बोचकं सोडलं, तार बाजूला काढली, लुगड्याच्या घडीतून तांब्या काढला आणि दोन्ही वस्तू मामांपुढं धरल्या.

"घ्या. पुरा परत."

"नगं," मामा म्हणाले. "राहू दे घरात. म्हायेरचा हाय तुजा. मी दुसरं काय तरी बगतो."

"दुसरं कायबी नगं," मामी म्हणाल्या. "ह्योच पुरा."